दामदुप्पट

फळ्यावर रंगीत खडूनं 'थेंबे थेंबे तळे साचे' लिहिलं होतं. त्याखाली माझं नाव आणि नावापुढं 'बचत मार्गदर्शक'. एवढं भारदस्त पद मला आजवर कुणी दिलेलं नाही. मी पोस्टाची आर.डी. एजंट. आर.डी. म्हणजे महिन्याच्या हप्त्यांची आवर्ती ठेव. कागदोपत्री योजनेचं नाव 'महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना', आणि गल्लीत माझं नाव 'पोस्टवाल्या मॅडम'. इचलकरंजीत अठ्ठावीस वर्षं दारोदार फिरून शंभर, दोनशे, पाचशेचे हप्ते गोळा करते, सगळ्यांची एक यादी म्हणजे लॉट करते, पोस्टात भरते, पासबुकं परत नेऊन देते. शंभराला चार रुपये कमिशन. त्यात माझी लेक शिकली, घराला वरचा स्लॅब पडला.

तर शाळेनं नववी-दहावीच्या मुलांना बचतीवर 'दोन शब्द' सांगायला बोलावलं होतं. मीही तयारीनं गेले. फळ्यावर मोठ्या अक्षरात द.सा.द.शे. लिहिलं. दर साल दर शेकडा. आमच्या पिढीला ही चार अक्षरं पाढ्यांसारखी पाठ. या मुलांनीही आठवीत चक्रवाढ व्याज केलेलंच असतं. मग उदाहरण दिलं. महिना शंभर रुपये, साठ हप्ते, भरलेले सहा हजार. आजच्या ६.७ टक्क्यांनी पाच वर्षांनी मिळतात साधारण ७,१३६.

मागच्या बाकावरून एक हात वर झाला. "मॅडम, पाच वर्षं थांबून फक्त अकराशे?"

वर्ग हसला. मीही हसले. तो पुढं म्हणाला, "माझ्या दादाला मागच्या महिन्यात एका दिवसात चार हजार सुटले. फोनवर."

"आणि गेले किती, ते विचारलंस का दादाला?" मी म्हटलं. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी शाल-श्रीफळ दिलं. पण गाडीला किक मारताना माझंच मला कसंसं झालं. उत्तर झकास होतं, पण ते द्यायचा मला अधिकार होता का? माझे किती गेले, हे मी तरी कधी कुणाला सांगितलंय?

*

आमची पिढी मुलांना बचत शिकवायला बसते तेव्हा एक गोष्ट विसरते. आपण वाढलो ते बारा टक्क्यांच्या जगात. १९८६ पासून २००० च्या जानेवारीपर्यंत पीपीएफला, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीला, बारा टक्के मिळत. १९८६ सालीच इंदिरा विकास पत्र आलं. पाच वर्षांत दुप्पट, आणि त्यावर नावच नसायचं. ज्याच्या हातात कागद, त्याचे पैसे. हरवला तर नोट हरवल्यासारखा हरवला. माझ्या सासूबाईंनी अशी दोन पत्रं तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवली होती. दर पंधरा दिवसांनी डबा उपसून बघायच्या, पोरकिडे लागलेत का कागदाला म्हणून. मुदत संपली तेव्हा त्यांनी पैसे आणून देवापुढं ठेवले आणि 'बघ, नुसतं ठेवलं तरी वाढलं' असं मला ऐकवलं. मी नवी सून. मला ते खरंच वाटलं, की नुसतं ठेवलं की वाढतं.

आता दुप्पट व्हायला किसान विकास पत्राला ११५ महिने लागतात. म्हणजे नऊ वर्षं सात महिने. पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ वर आहे. त्या मागच्या बाकावरच्या पोराला कोण सांगणार, की तुझ्या आजीचं शहाणपण खरं होतं, पण त्यातला निम्मा शहाणपणा त्या वेळच्या दराचा होता? मुलं आळशी नाहीत की उधळी नाहीत. त्यांनी गणित केलं आणि उत्तर त्यांना लहान दिसलं. त्यातून महागाईनं खाल्लेलं वजा करा म्हटलं तर आणखी लहान.

मला 'दामदुप्पट' या शब्दाची गंमत वाटते. आमच्याकडं पत्रकांवर, रिक्षाच्या पाठीवर, गणपती मंडळाच्या अहवालातल्या जाहिरातीत हा शब्द हमखास असायचा. 'अमुक महिन्यांत दामदुप्पट!' पण जुन्या हिंदू कायद्यात दामदुपट हा सावकाराला घातलेला लगाम होता. मुद्दल शंभर असेल तर सावकारानं एका वेळी व्याज शंभराच्या वर मागायचं नाही, दोन्ही मिळून दुपटीच्या पुढं जायचं नाही. ऋणकोला वाचवायला केलेला शब्द ठेवीदाराला ओढायला कधी वापरात आला, कोण जाणे. आलाय खरा.

*

मी ज्या घरांत हप्ते गोळा करते तिथं व्याजाचा दर कुणी विचारत नाही. कांडी भरणाऱ्या बायका, वहिफणी करणारे, साइझिंगवरचे कामगार, सगळी यंत्रमागाच्या धंद्यातली माणसं. पगार आठवड्याचा. माग बंद असले की तोही नाही. यांना द.सा.द.शे. नको असतं, यांना हवी असते तारीख. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडलेलं खातं असेल तर हप्ता पंधरा तारखेच्या आत, नाहीतर शंभराला रुपया दंड. रुपया म्हणजे काहीच नाही, पण तो पासबुकात दिसतो. एक बाई मला म्हणाल्या होत्या, "मॅडम, तुमी दारात उभारताय म्हणून पैसं उरत्यात. न्हाईतर पैसं उरतंय व्हय कुणाचं?" अठ्ठावीस वर्षांत बचतीची याहून सरळ व्याख्या मी ऐकली नाही.

आणि दारात एक पोर उभं असायचं. जवळजवळ प्रत्येक दारात. आई फळीवरचा डबा काढायची, दहा-वीसच्या नोटा सरळ करायची, एकदा स्वतः मोजायची, एकदा मी मोजायची, मग मी कार्डावर सही करायची. पोर सगळं बघायचं. कधी कधी आई म्हणायची, "तू मोज बघू." चुकलं की पुन्हा. आर्थिक साक्षरता म्हणतात ती तिथं, उंबऱ्यावर, महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालायची आणि आम्हा दोघींना त्याचा पत्ताही नव्हता.

आता निम्म्या बायका फोनवरून पैसे पाठवतात. सोय झाली. उन्हात चार जिने चढायचे वाचले. पण पोराला काय दिसतं? आई फोनकडं बघतेय. आई फोनकडं दिवसभर बघतेय. त्यातला कुठला क्षण हप्त्याचा, कुठला साडीचा आणि कुठला नुसत्याच व्हिडिओचा, ते त्याला कसं कळावं?

शाळेत मी द.सा.द.शे. ऐवजी भिशी सांगायला हवी होती. भिशी कळायला सूत्र लागत नाही. आमच्या गल्लीत दहा जणींची आहे, महिना हजार, लिलावाची. दर महिन्याला दहा हजार जमतात आणि बोली लागते. जिला घाई, ती खाली उतरते. मागं एकीच्या मुलाची कॉलेजची फी भरायची होती, तिनं ८,८०० वर उचलली. उरलेले बाराशे दहा जणींत वाटले, प्रत्येकीला एकशेवीस. तिलाही. तिच्या चेहऱ्याकडं बघून कुणी काही बोललं नाही, पण एकशेवीस सगळ्यांनी घेतले. मीही घेतले. व्याज म्हणजे काय, ते तिथं बसलेल्या शाळकरी पोरीलाही कळेल. घाई असणारीनं थांबू शकणाऱ्यांना दिलेले पैसे. पुढच्या वेळी घाई माझी असेल. (आमची भिशी कायद्याच्या कुठल्या कलमात बसते, हे कृपया विचारू नका.)

पुस्तकात काही नसतं असंही नाही. दहावीच्या बीजगणितात 'अर्थनियोजन' नावाचं सबंध प्रकरण आहे. जीएसटी, शेअरची दर्शनी किंमत, बाजारभाव, दलाली, म्युच्युअल फंड, एसआयपी. मला ते बघून आनंदच झाला. आमच्या वेळी शेअर हा शब्द घरात काढला तर वडील रेडिओ बंद करायचे. पण गणितात तोटा दोन ओळींत निघतो. शेकडा तोटा अमुक, उत्तराला चौकट, पुढचं उदाहरण. खरा तोटा असा निघत नाही. तो लपवून ठेवतात.

*

माझा सांगते.

२००५ साली आम्ही पंचाहत्तर हजार रुपये एका पतसंस्थेत ठेवले. साडेतेरा टक्के. पोस्टाची एजंट असून. लोकांना 'सरकारी आहे, सुरक्षित आहे' हे रोज दहा वेळा सांगणारी मी, स्वतःच्या पैशाला मात्र पाच-सहा टक्के जास्त मिळतायत म्हणून गेले. संस्थेचे लोक ओळखीचे होते, ऑफिसात एसी होता, दिवाळीला मिठाईचा बॉक्स घरी यायचा. बँक आणि पतसंस्था यांत फरक काय, हे मी विचारलंही नाही. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. तेव्हा एक लाखापर्यंत होता, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. सहकारी बँकांनाही तो आहे. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. पाटी, काउंटर, पासबुक सगळं बँकेसारखंच दिसतं, हा विमा तेवढा दिसत नाही.

२००८ मध्ये एका सोमवारी शटर खाली होतं. बाहेर शे-दीडशे माणसं. त्यात माझे खातेदार होते. ज्यांच्या दारात मी महिन्याला उभी राहते, तेच. त्यातल्या एकीनं मला बघितलं. "मॅडम, तुमी पण?"

मी म्हटलं, "नाही ओ, शेजारणीचं काम होतं, तिच्यासाठी आले."

पंचाहत्तर हजार गेल्याचं दुःख हळूहळू कमी झालं. ते वाक्य मात्र अजून तोंडात कडू लागतं. यांनी घरी आल्यावर एवढंच विचारलं, "लेकीला सांगायचं?" मी म्हटलं, नको. ती तेव्हा सातवीत होती. तिला चक्रवाढ व्याज शिकायचं होतं अजून. पुढं तुकड्या-तुकड्यांनी एकोणीस हजार मिळाले. पावती मी अजून जपून ठेवलीय, पासबुकांच्या गठ्ठ्याखाली, कुणाला दिसणार नाही अशी.

*

शाळेतल्या त्या भाषणानंतर दोन-तीन आठवड्यांनी भाचा आला. धाकट्या बहिणीचा मुलगा, एकवीस वर्षांचा, डिप्लोमा करून एका कारखान्यात लागलेला. आला तो सरळ स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा राहिला. जेवायला वाढू का म्हटलं तर नको. या पोरानं कधी जेवायला नको म्हटल्याचं मला आठवत नाही.

"मावशी, आईला सांगू नकोस."

शेअर बाजारातले ऑप्शन्स. पाच महिन्यांत एकसष्ट हजार गेले. त्यात त्याच्या नावच्या आर.डी.चे ३४,८४८ होते. तो आकडा मला पाठ होता. ते खातं मीच उघडलं होतं, महिना पाचशेचं, साठ हप्ते. लॉकडाउनमध्ये बहिणीची शिवणकामं बंद पडली तेव्हाही तिनं एक हप्ता चुकवला नव्हता. मुदत संपल्यावर तिनं पैसे त्याच्या खात्यात टाकले आणि म्हणाली, आता तू मोठा झालास, तूच बघ. त्यानं बघितलं.

मी ओरडले नाही. ओरडायचं होतं, पण गठ्ठ्याखालची ती पावती आठवली. उठून ती काढली आणि त्याच्यापुढं ठेवली. त्यानं दोनदा वाचली. "हे कुणाचं?" माझं म्हटल्यावर तो खुर्चीवर बसला. आणि मग जेवला.

जेवण झाल्यावर आम्ही त्याचा फोन आणि माझी वही घेऊन बसलो. सगळे सौदे खाली सरकवत मोजले. पाच महिन्यांत ४१२ ऑर्डरी. ऑर्डरला वीस रुपये ब्रोकरेज. ८,२४० नुसती दलाली, कर वेगळे. मी हसायला लागले. त्याला कळेना. मी म्हटलं, अरे, तुझ्या आईच्या पाचशेच्या हप्त्यावर माझं महिन्याचं कमिशन वीस रुपये होतं. पाच वर्षांत बाराशे मिळवले मी तुझ्यावर. तुझ्या ब्रोकरनं पाच महिन्यांत आठ हजार. आणि जिने मी चढत होते.

ऑप्शन म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. पुढचे तीन दिवस मी वाचत होते. समजलं ते माझ्या भाषेत असं: हा विसार आहे. जागेचा व्यवहार ठरतो, आपण विसार देतो, ठरल्या तारखेपर्यंत खरेदीखत झालं नाही तर विसार बुडतो. फरक एवढाच, की हा जागा घ्यायची इच्छा नसताना विसार पावत्या विकत घेत होता, त्या दुसऱ्याला चढ्या भावानं विकता येतील म्हणून. आणि पावतीची मुदत रोज एक दिवसानं कमी होत होती. बर्फाच्या गाडीवर बसून सावलीची वाट बघणं. त्याला हे पटलं. "असं कुणी सांगितलंच नाही," म्हणाला. रील्समध्ये सांगत नाहीत.

शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. सगळा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. २०२३-२४ मध्ये त्यातले ४३ टक्के तिशीच्या आतले. मी हे भाच्याला वाचून दाखवलं तेव्हा त्यानं विचारलं, "एवढी माणसं होती? मला वाटलं, मी एकटाच मूर्ख."

शंभरातल्या त्र्याण्णव जणांत असून पोराला एकटं वाटत होतं. कारण बाकीचे बाण्णव गप्प होते. त्यांच्याही घरात कुठल्यातरी गठ्ठ्याखाली काहीतरी असणार. जिंकलेला मात्र स्क्रीनशॉट टाकतो. मागच्या बाकावरच्या मुलाचा दादासुद्धा चार हजारांचं घरात बोलला, बाकीचं बोलला नसेल. आणि माझ्या फळ्यावरचे अकराशेही तसेच, नुसतेच उजळ बाजूचे.

"मग ठेवू कुठं पैसे?" भाच्यानं शेवटी विचारलंच.

मी म्हटलं, आधी हे धर, की मी एजंट आहे. माझ्या सल्ल्यात माझे चार टक्के असतात. जो कुणी पैशाचं सांगतो, त्याला त्यातून काय सुटतं ते पहिलं विचारायचं, मावशी असली तरी. हे ऐकून तो खूप हसला, पण त्याला ते लागलं असावं, कारण नंतर त्यानं वहीत लिहून घेतलं. बाकी मी फार काही सांगितलं नाही. तीन-चार पगारांएवढी रक्कम अशा जागी, की जिथून आठ दिवसांत हातात येईल. ती होईपर्यंत दुसरं काही नाही. त्यानंतर दहा-पंधरा वर्षं हात लावायचा नसेल तेवढेच पैसे शेअरच्या वाटेनं, तेही बऱ्याच मोठ्या कंपन्यांत थोडे थोडे घालणाऱ्या इंडेक्स फंडासारख्या साध्या गाडीत बसून, महिन्याला झेपेल तेवढे. बाजार वीस-तीस टक्के खाली येईल तेव्हा झोप लागते का, हे तेव्हाच कळेल. आत्ता कुणीही 'लागेल' म्हणतं.

"आणि आईला?"

"ते तू सांगायचं."

*

त्यानं आठवडा घेतला. मला सोबत नेलं. बहीण मशीनवर ब्लाउजला फॉल लावत... नाही, फॉल साडीला, ब्लाउजला हुक. हुक लावत होती. सुई चालू ठेवूनच तिनं ऐकलं. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर माझ्यावर येईल, की आक्का, तुला माहीत होतं आणि तू बोलली नाहीस. तिनं दोरा तोडला, सुई गादीत खोचली आणि आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ.

बाहेर आली तेव्हा हातात प्लॅस्टिकच्या कव्हरातलं एक सर्टिफिकेट होतं. गुळगुळीत जाड कागद, चारी बाजूंनी हिरवी वेलबुट्टी, मध्ये झाडाचं चित्र. सागवान. नव्वदच्या दशकात अशा कंपन्या गावोगाव आल्या होत्या. एका झाडाचे एवढे पैसे भरा, वीस वर्षांनी झाड तोडून लाकडाचे लाख घ्या. पुढं १९९९ मध्ये सेबीनं अशा योजनांना नियम लावले, तोवर बऱ्याच कंपन्यांची ऑफिसं रिकामी झाली होती. भाऊजींनी लग्नाआधी दोन झाडं घेतली होती. मला याचा पत्ताच नव्हता. माझ्या सख्ख्या बहिणीच्या कपाटात पंचवीस वर्षं दोन सागाची झाडं होती.

"तुझ्या बाबांची," ती मुलाला म्हणाली. "तुझ्या शिक्षणासाठी होती."

भाच्यानं सर्टिफिकेट उजेडात धरलं. त्यावर गट नंबर होता, झाडाचा अनुक्रमांक होता. "मग झाडं कुठायत?"

"बाबा एकदा बघायला गेले होते. तिथं माळ होता. शेळ्या चरत होत्या."

कोण आधी हसलं आठवत नाही. पण तिघंही हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भाऊजी संध्याकाळी आले तेव्हा टेबलावर सागवान बघून दारातच थबकले.

पुढच्या महिन्यात त्याच शाळेत पुन्हा बोलावलंय. या खेपेला मी फळा पुसायला सांगणार आहे. पतसंस्थेची पावती पिशवीत घातलीय. भाचा त्याच्या ४१२ ऑर्डरींचा कागद छापून देतो म्हणालाय, नाव खोडून. सर्टिफिकेटही मागितलं बहिणीकडं. तिनं कव्हर पदरानं पुसून दिलं.

"नीट ने," म्हणाली. "आणि परत आण हं. ठेवायचंय."